टाचेचा मेलेनोमा काढल्यावर खड्डा कशाने भरायचा? मांडीची कातडी की तळव्याचाच फ्लॅप?

कुळागरातली

नमस्कार. इथले आरोग्याचे धागे बरेच वाचलेत, लिहितेय पहिल्यांदाच.

आई ६१ वर्षांची. वाळपईच्या बाजूला घर, मागे कुळागर. तिचा दिवस पोफळींखाली आणि पाटाच्या पाण्यात जातो, आणि बागायतीत चप्पल घालणं तिला कधी पटलेलं नाही. डाव्या टाचेवर काळपट डाग होता. गावात कुणी कुरूप म्हणालं, कुणी काजूच्या चिकाचा डाग. तो पसरून मधे ओलसर व्हायला लागला तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट आला: अ‍ॅक्रल लेंटिजिनस मेलेनोमा, म्हणजे तळव्यासारख्या जागी होणारा त्वचेचा कॅन्सर. ब्रेस्लो जाडी, म्हणजे तो कातडीत किती खोल गेलाय ते माप, १.६ मिमी. स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही.

ठरलंय ते असं. डागाभोवतीची २ सेंमी चांगली कातडी धरून सगळं काढायचं आणि त्याच वेळी जांघेतली सेंटिनल गाठ (आजार पसरला तर आधी जिथे पोचेल ती लसिकागाठ) तपासायला घ्यायची. डाग साधारण २ सेंमीचा, म्हणजे टाचेवर ६ सेंमीचा खड्डा पडणार. तो भरायला प्लास्टिक सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक, मांडीची पातळ कातडी सोलून तिथे लावायची. ऑपरेशन छोटं. दोन, तळव्याच्या मधल्या पोकळ भागातला कातडीचा जाड तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून टाचेवर आणायचा, त्याला फ्लॅप म्हणतात. ऑपरेशन मोठं.

नातेवाईक म्हणतात, कॅन्सर गेला की झालं, कातडी कुठली का असेना, म्हाताऱ्या माणसाला कुठे शर्यतीत पळायचंय! मला हे पटत नाही. तिला पुन्हा बागेत उतरायचंय. अनुभव असलेल्यांनी लिहा, प्लीज. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणी विचारू नये.

तेरेखोलचा

ताई, माझ्या पायाला मांडीचीच कातडी लावलेली आहे. माझाही मेलेनोमाच होता, पण टाचेवर नाही, तळव्याच्या मधे, जिथे पाऊल जमिनीला टेकत नाही तिथे. उत्तम टिकलीय. मी रापणीवर जातो, वाळूत उभा राहतो, काही त्रास नाही. आधी उगाच घाबरलो होतो.

एक सांगतो, पायापेक्षा मांडी जास्त दुखते. जिथून कातडी सोलतात ती जागा पहिले आठ-दहा दिवस नुसती आग आग होते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. भरून आल्यावर खाज सुटते, तेव्हा खोबरेल तेल लावायचं, खाजवायचं नाही.

फोंड्याचे_अण्णा

तेरेखोलच्या भावाचं बरं झालं ना, मग तुम्हीही तेच करा. उतारवयात लांबलचक ऑपरेशनची भूल देण्यात काय अर्थ? आमच्या शेजाऱ्यांनी तर पावलाचा अर्धा भाग काढून टाकला, विषय संपला. दुसरं म्हणजे साखळीच्या पलीकडे एक जण झाडपाल्याचा लेप देतो, ऑपरेशनआधी एकदा...

टाकेवाला

अण्णा, लेपाचं इथेच थांबवा. मेलेनोमा १.६ मिमी असताना काढला आणि तीन महिने लेप लावून मग काढला, या दोन वेगळ्या कहाण्या असतात.

मी प्लास्टिक सर्जरी करतो. रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या आईसाठी हेच करा असं म्हणणार नाही. पण तुमच्या सर्जनला काय विचारायचं ते सांगू शकतो. थोडं मोठं होईल.

तळव्याची कातडी शरीरावर दुसरीकडे कुठेच मिळत नाही. (तळहात सोडा, तो कुणी देत नाही.) केस नाहीत, वरचा थर जाड. खरी गंमत तिच्या खाली आहे. गादीला जागोजागी टाके घालून कापूस हलणार नाही असा बसवतात, तशी टाचेची चरबी तंतूंच्या पडद्यांनी लहान लहान कप्प्यांत बांधलेली असते आणि ते पडदे कातडीला खालच्या हाडापर्यंत जखडून ठेवतात. म्हणून आपण वळलो, घसरलो तरी टाचेची कातडी हाडावरून सरकत नाही. मेलेनोमा काढताना हे सगळं जातं, फक्त वरची कातडी नव्हे.

आता तिथे मांडीची पातळ कातडी लावली तर ती धरते, जखम झाकते. पण तिच्याखाली ना चरबी, ना जखडणारे पडदे, ना पुरेशी संवेदना. उभं राहिल्यावर वरून दाब येतो तो एक वेळ चालतो, पण पाऊल टाकताना कातडीला जी आडवी ओढ बसते तिने ती फाटते. कडांना जाड घट्टे येतात, घट्ट्याला भेग पडते, भेगेची जखम होते. सगळ्यांनाच असं होतं का? नाही. कमी चालणाऱ्या, नीट पादत्राणं वापरणाऱ्या माणसांची ग्राफ्ट, म्हणजे अशी लावलेली पातळ कातडी, टाचेवरही वर्षानुवर्षं टिकलेली मी पाहिलीत. पण कुळागरात राबणाऱ्या बाईच्या टाचेसाठी ती माझी पहिली निवड नसेल.

तेरेखोलवाल्यांचं चांगलं झालं कारण त्यांची जागा भार न घेणारी होती. एकाच पावलावर दोन इंच इकडेतिकडे झालं की उत्तर बदलतं. अण्णा, म्हणून 'त्याचं बरं झालं, तुम्हीही तेच करा' हे इथे लागू होत नाही.

दुसरी वाट म्हणजे मीडियल प्लांटर फ्लॅप. तळव्याची कमान चालताना टेकत नाही, पण कातडी त्याच जातीची: बिनकेसांची, जाड, खालच्या चरबी-पडद्यांसकट. ती तिच्या धमनीवर आणि बारीक मज्जातंतूवर तशीच ठेवून टाचेवर फिरवायची, आणि कमानीत झालेल्या खड्ड्यावर मांडीची पातळ कातडी लावायची. म्हणजे पातळ कातडी जाते जिथे भार नाही तिथे, आणि खरी कातडी येते जिथे भार आहे तिथे. घोट्याच्या आतल्या बाजूच्या धमनीत रक्त नीट वाहतंय ना हे डॉपलरने (सोनोग्राफीसारख्या तपासणीने) आधी पाहतात. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर तो तपास अजिबात टाळू नका.

खड्डा खूप मोठा असेल, किंवा कमानीतली कातडीही काढावी लागली, तर तिसऱ्या वाटा उरतात. पोटरीची कातडी खाली फिरवून आणतात, त्याला रिव्हर्स सुरल फ्लॅप म्हणतात. टाचेच्या मागच्या बाजूला तो चांगला, पण त्यात संवेदना नसते आणि तिथला मज्जातंतू घेतल्यामुळे पावलाची बाहेरची कड बधिर होते. नाहीतर फ्री फ्लॅप. मांडीचा जाड तुकडा पूर्ण सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या रक्तवाहिन्यांना जोडायचा. दिवसभराचं काम, आणि पाऊल इतकं जाड होतं की चप्पल बसेना म्हणून पुढे तो पातळ करावा लागतो. मीडियल प्लांटर होत असताना हे करायची गरज नसते.

तर विचारायचे प्रश्न तीन. टाचेचा भार घेणारा भाग किती जातोय? कमान शाबूत राहतेय का? आणि फ्लॅपला संवेदना असेल का? ऑपरेशन किती तासांचं हा प्रश्न त्यानंतर.

हणजूणवाली

मला एक कळत नाही. स्किन कॅन्सर उन्हाने होतो ना? आमच्या किनाऱ्यावर लालबुंद होऊन पडलेले गोरे पाहतो आपण. तळव्याला ऊन लागतंय कुठे?

टाकेवाला

बरोबर शंका. मेलेनोमा गोऱ्यांत कितीतरी जास्त होतो आणि त्यांच्यात उन्हाचा वाटा मोठा. आपल्या वर्णात तो कमी होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळवा, तळहात किंवा नखाखाली. या प्रकाराचा उन्हाशी संबंध नाही. म्हणूनच तो सापडतो उशिरा, कारण 'आपल्याला नाही होत' आणि 'तळवा कोण बघतो' या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. कुरूप म्हणून त्यावर कॉर्न कॅप लावून ठेवतात ते वेगळंच.

तुमच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये ज्याचा फोटो हमखास असतो तो बॉब मार्ली. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार निघाला. अंगठा काढायला तो तयार झाला नाही. नख आणि नखाखालची जागा काढून मांडीची कातडी लावली होती. ११ मे १९८१ ला मायामीत गेला, वय ३६.

हणजूणवाली

बापरे. मला फुटबॉलमुळे झालेली जखम एवढंच माहीत होतं.

थिवी_ते_परळ

कुळागरातली ताई, मुंबईला जायचं का असंही मनात असेल. आम्ही बाबांसाठी कोकणकन्या धरून टाटाला जात होतो. तिथे अशा केसेस रोजच्या आहेत हे खरं. पण फ्लॅपच्या ऑपरेशननंतर वारंवार ड्रेसिंग, पाय वर ठेवून प्रवास, राहायची सोय, हे सगळं धरून ठरवा. एक मधली वाट आम्हाला उपयोगी पडली: बायोप्सीच्या काचा तिकडे पुन्हा तपासून घेतल्या, मत घेतलं, आणि ऑपरेशन गोव्यात केलं. बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. खाजगीत करत असाल तर दीनदयाळच्या (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेच्या) कार्डावर यातलं काय काय बसतं ते ऑपरेशनच्या आधी लेखी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको.

अवांतर: टाटाच्या दारातल्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे. कॅन्सरचे मोठे सर्जन, आपले गोंयकार. रांगेत उभं असताना ती पाटी वाचून बरं वाटायचं.

कुळागरातली

सगळ्यांचे खूप आभार. टाकेवाला, तुमचे तीनही प्रश्न सर्जनना विचारले. कमान शाबूत राहील म्हणाले आणि धमनी चांगली आहे. आई स्वतःच म्हणाली, 'मधली कातडी टाचेला लावा, मधे मला काय करायचीय!' त्यामुळे नातेवाईकांचा विषय मिटला.

पण आता नवीनच सांगितलंय. आधी फक्त काढणार, जखम उघडी ठेवणार, आणि रिपोर्ट आल्यावर दुसरं ऑपरेशन. दोनदा भूल कशाला? लगेच का नाही भरत? काकांचं म्हणणं, बिल वाढवायला करतात.

टाकेवाला

काकांना सांगा, हे डॉक्टर घाई करत नाहीत म्हणजे बरे आहेत.

मेलेनोमाच्या कडा ऑपरेशन चालू असताना घाईघाईने गोठवून तपासल्या तर भरवसा ठेवता येत नाही. पक्का रिपोर्ट यायला दिवस लागतात. तळव्याच्या प्रकारात तर डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्या पलीकडेही पेशी पसरलेल्या असू शकतात. समजा त्याच दिवशी फ्लॅप फिरवला आणि नंतर कळलं की एका कडेला आजार राहिला. आता कुठली कड काढायची? सगळी रचना जागची हलवलेली. कमान एकदाच वापरता येते, ती वापरून बसलात तर दुसरी नाही.

कडा मोकळ्या असल्याचा कागद हातात आला की मगच भरायचं. तोपर्यंत जखमेवर व्हॅक लावतात. स्पंज, त्यावर हवाबंद पट्टी, आणि एक छोटं यंत्र आतलं पाणी ओढत राहतं. जखम स्वच्छ राहते आणि तळाला लाल दाणेदार मांस धरतं. फार दुखत नाही.

आणखी एक, गाठीसाठी निळा रंग टोचतील. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी झाली तर १०८ ला फोन करू नका.

चालतंबोलतं

मी फिजिओथेरपिस्ट. सर्जन मंडळी टाके काढून मोकळी होतात, पुढचं आमच्याकडे येतं, म्हणून मधेच बोलतेय.

ऑपरेशनच्या आधी घराची तयारी करा. आपल्या जुन्या घरांत उंबरे उंच, सोप्याला पायऱ्या, न्हाणीघर मागच्या दारी आणि ओलं. ज्या पायावर चार ते सहा आठवडे अजिबात भार द्यायचा नाही, तो घेऊन हे पार करायचंय. कमोडची खुर्ची आणा, वॉकर आधीच आणून चांगल्या पायावर टेकत चालायचा सराव करून घ्या. ऑपरेशननंतर दुखत असताना वॉकर शिकवणं फार अवघड जातं. साठीच्या बायकांच्या हातांत ताकद असते, पण तोल जातो.

पाय सुरुवातीला उंचावरच ठेवायचा. मग सर्जन सांगतील तेव्हा खाटेवरून खाली सोडायचा, आधी पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवत. पाय खाली सोडल्यावर फ्लॅप जांभळा दिसतो, लोक घाबरतात. वर उचलल्यावर रंग परत आला तर ठीक. आला नाही तर लगेच फोन. 'उद्या ओपीडीत दाखवू' चालणार नाही.

आणि कुणी पाहुण्याने 'थोडंसं टेकवून बघ' म्हटलं तर त्या पाहुण्याला चहा देऊन वाटेला लावा.

तेरेखोलचा

+१. मला असाच एक पाहुणा भेटला होता.

कुळागरातली

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. दोन्ही ऑपरेशनं झाली. गाठीत काही निघालं नाही, कडा मोकळ्या आल्या. मग फ्लॅप फिरवला, कमानीत मांडीची कातडी लावली. तेरेखोलच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे सगळी तक्रार मांडीची होती, पायाबद्दल आई बोललीच नाही. लघवीच्या रंगाने शेजारच्या खाटेवरची बाई घाबरली, आम्ही नाही.

पहिल्या रात्री सिस्टर दर तासाला येऊन फ्लॅपचा रंग बघत होती. एका कडेला थोडं काळं पडलं होतं, ड्रेसिंगवर भरून आलं. काकांनी उघड्या जखमेच्या काळात बरीच बडबड केली, मी त्यांना इथला प्रतिसाद वाचून दाखवला. मग गप्प बसले. पटलं असं काही म्हणाले नाहीत.

आता एक विचित्र गोष्ट विचारायचीय. आई वॉकरवर पाऊल टेकायला लागलीय. टाचेला खडा टोचला तर ती म्हणते, 'मधे टोचलं', आणि कमानीला हात लावते. आम्हाला वाटलं तिचा गोंधळ होतोय. हे काय आहे?

टाकेवाला

हे उत्तम आहे! फ्लॅपबरोबरचा मज्जातंतू जिवंत आहे याचा पुरावा. कातडी टाचेवर आली, पण तंतूची वाट मेंदूकडे जुनीच आहे, त्यामुळे मेंदूला ती अजून कमानच वाटते. बऱ्याच जणांना चालता चालता काही महिन्यांत टाच टाचेसारखी वाटायला लागते. नाही वाटली तरी बिघडत नाही. टोचलेलं कळतंय एवढं पुरे, कारण कळलं की माणूस पाय उचलतो.

कमानीतल्या मांडीच्या कातडीला मात्र फारसं कळणार नाही. तिथे रोज रात्री आरसा धरून बघायचं, भेग, फोड, ओलसरपणा.

तपासणी सोडू नका. पहिली दोनेक वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी. टाचेच्या कडा, पोटरी आणि जांघ. घरी अंघोळीच्या वेळी जांघेत गाठ लागते का ते हाताने बघायला आईला शिकवा. जुन्या व्रणाजवळ नवा काळा ठिपका दिसला तर तारखेची वाट बघू नका.

चालतंबोलतं

आणि चप्पल! एमसीआरची घ्या. मऊ, बारीक छिद्रांचं रबर असतं, मधुमेहाच्या आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांना देतात तेच. अंगठ्यात अडकवायची पट्टी नको, मागे बंद असलेली आणि वेल्क्रोची घ्या, नाहीतर ती सांभाळायला बोटं आवळून चालतात आणि टाचेला ओढ बसते. घरात घालायला वेगळी, बाहेरची वेगळी. अनवाणी आता अंगणातही नाही.

कुळागरातली

घरात घालेल. बागेत गमबूट घालायलाही तयार झालीय, कुरकुर करत. पण चवथीला देवापुढे आणि देवळात? तिथे चप्पल घाल म्हटलं तर ती माझ्याशी बोलायची नाही.

चालतंबोलतं

देवळात जाड सुती मोजे, आत सिलिकॉनची टाच. दुपारी तापलेल्या फरशीवर जायचंच नाही, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. प्रदक्षिणा कमी घालाव्यात. आमच्याकडच्या एका आजींनी घरच्या एमसीआरची जोडी फक्त देवघरासाठी ठेवली आहे, कधी रस्त्यावर नेत नाही, आणि भटजींनाही चाललं. विचारून बघा.

म्हापशेकर_नवा

धागा वाचून छातीत धस्स झालं. माझ्या वडिलांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखात उभी काळी रेघ आहे. आधी बारीक होती, आता रुंद वाटते. दुखत नाही. फोटो टाकू का इथे?

टाकेवाला

फोटो नको. आपल्या वर्णाच्या लोकांत नखातल्या अशा रेघा बऱ्याचदा निरुपद्रवी असतात, विशेषतः अनेक नखांत असतील तर. पण एकाच नखात, उतारवयात, आणि रुंदावणारी रेघ डॉक्टरांनी पाहायलाच हवी. काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर आलाय का ते आज बघा. आला असो वा नसो, सोमवारी त्वचेच्या ओपीडीत न्या. नखावर मेंदी किंवा पॉलिश काही नको, आणि घरी कापून-खरवडून बघू नका. काय म्हणाले ते इथे लिहा.